सांगानेरचा कागद आणि एकोणतीस अंकांची माणसे

जयपुरास बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबास सांगानेरची ओळख बहुधा कापडामुळे होते. पहिल्याच महिन्यात घरातील मंडळी छिपांच्या ठशांची चादर किंवा साडी घेण्यासाठी तिकडे जाऊन येतात, आणि पुढे घरी जो पाहुणा येईल त्याला तेथे नेण्याचा क्रम सुरू होतो. विमानतळही तिकडेच असल्यामुळे येता-जाता ते नाव कानावर पडतच असते. मला मात्र या गावाची ओढ लागली ती कागदामुळे. येथील कागजी घराण्यांची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे नेली जाते. चिंध्यांचा लगदा करावयाचा, तो हौदातील पाण्यात ढवळून चाळणीवर उचलावयाचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवावयाचा आणि खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, अशी ही जुनी विद्या. आपल्याकडे पेशवे दफ्तरासाठी जुन्नरी व दौलताबादी कागदाचे जे महत्त्व, तेच ढुंढाड प्रांतात हिशेबाच्या वह्यांना आणि पोथ्यांना सांगानेरीचे होते. आज तेथे भेटकार्डे आणि पिशव्या अधिक होतात; तरी कापडाच्या कातरणीपासून कागद करण्याचे मूळ काम चालू आहे.

या कागदाच्या निमित्ताने पोथ्यांकडे आणि पोथ्यांच्या निमित्ताने एका संख्येकडे माझे लक्ष गेले. प्रस्तुत लेख त्या संख्येविषयी आहे. ती संख्या अशी: ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६. अंक एकोणतीस. जैन ग्रंथांच्या एका परंपरेप्रमाणे जगातील पर्याप्त मनुष्यांची, म्हणजे ज्यांची देहेंद्रियादी सामग्री पूर्ण झाली आहे अशा माणसांची, ही गणती आहे. जनगणनेच्या कामात ज्यांनी कधी घरोघरचे तक्ते तपासले असतील त्या वाचकांस ही संख्या पाहून हसू येईल. परंतु तिचा इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सांगानेरात संघीजींचे जुने दिगंबर जैन मंदिर आहे, आणि सतराव्या शतकात दिगंबरांमध्ये भट्टारकांच्या सत्तेविरुद्ध जी तेरापंथाची चळवळ उठली तिच्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. गुरूने सांगितले म्हणून न मानता शास्त्र स्वतः उघडून पाहावे, अशी या मंडळींची वृत्ती. १७२७ मध्ये जयपूर वसले आणि या वर्तुळाचे केंद्र हळूहळू नव्या नगरात गेले. तेथे अठराव्या शतकाच्या मध्यास पंडित टोडरमल हा असामान्य बुद्धीचा गृहस्थ होऊन गेला. शेखावाटीतील सिंघाणा येथे असताना ब्रह्मचारी रायमल्ल यांच्या आग्रहावरून त्याने गोम्मटसारादी ग्रंथांवर ढुंढारी बोलीत टीका लिहिण्यास घेतली आणि तीन वर्षांत सुमारे पासष्ट हजार श्लोकांइतका मजकूर सिद्ध केला. तिच्यातील 'सम्यग्ज्ञानचंद्रिका' विक्रम संवत १८१८ मध्ये, म्हणजे १७६१ साली, पुरी झाली. पानिपत झाले ते हेच वर्ष. आपल्या इतिहासात त्या सालापुढे दुसरे काही सुचत नाही; पण उत्तरेत त्याच वर्षी एक मनुष्य सामान्य वाण्या-व्यापाऱ्यांस कळावे म्हणून बोलीभाषेत घातांकांचे गणित समजावून सांगत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'गोम्मटसार' हा ग्रंथ आचार्य नेमिचंद्रांचा, दहाव्या शतकातील. ज्या चामुंडरायासाठी तो रचला गेला, त्यानेच श्रवणबेळगोळची प्रचंड मूर्ती करविली, आणि त्या मूर्तीच्या पायाशी मराठीत कोरलेली ओळ आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. त्या चामुंडरायाच्या नावाचा दुसरा अवशेष म्हणून या ग्रंथाकडे पाहिले तर तो मराठी वाचकांस अगदीच परका वाटणार नाही.

नेमिचंद्रांनी वरील संख्या दोन रीतींनी दिली आहे. पहिली रीत कटपयादीची. यात प्रत्येक व्यंजनास एक अंक नेमलेला असतो. ककारापासून मोजले तर 'क' एक, 'ख' दोन. पुन्हा टकारापासून 'ट' एक, त्या क्रमाने 'त' सहा. यकारापासून 'य' एक, 'र' दोन, 'ल' तीन, आणि 'स' सात. या अक्षरांनी एक गाथा बांधावयाची आणि एककापासून सुरुवात करून उलट्या क्रमाने अंक मांडावयाचे. गाथेतील पहिले अक्षर 'त', पुढची दोन 'ल'च्या वर्णाची. म्हणजे सहा, तीन, तीन. आमच्या संख्येचा शेवट ३३६ आहे तो त्यामुळे. गाथेच्या आकड्यांतील अखेरचे अक्षर सकार, म्हणून संख्येच्या डोक्यावर सात. मी एका संध्याकाळी सबंध गाथा अशी उलगडून पाहिली. एकोणतीसपैकी एकही अंक चुकलेला निघाला नाही. लेखकूंच्या हातून शतकानुशतके उतरत आलेल्या मजकुरात हे सहज घडणारे नव्हे. आकड्यांत लिहिलेली रक्कम नकलेत बिघडते; अर्थ नसला तरी कानाला ओळखीची झालेली अक्षरे बिघडत नाहीत. आपल्या दफ्तरात रक्कम अक्षरी लिहिण्याचा जो नियम आहे त्याच्या मागची बुद्धी हीच.

दुसरी रीत अधिक महत्त्वाची. दोनाचा वर्ग चार. चाराचा वर्ग सोळा, सोळाचा २५६, त्याचा वर्ग ६५,५३६. हा दोनाचा चौथा वर्ग. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. या तिघांस जैन गणितज्ञांनी मोठी गमतीची नावे दिली आहेत. चौथा वर्ग 'पण्णट्ठी', कारण आरंभी पासष्ट. पाचवा 'बादाल', कारण आरंभी बेचाळीस. सहावा 'एकट्ठी', कारण आरंभी एक आणि आठ. टोडरमलाने 'अर्थसंदृष्टी' म्हणून एक स्वतंत्र अधिकार लिहून अशा राशींच्या खुणाच नोंदल्या आहेत: ६५, ४२ किंवा १८ लिहून पुढे दोन आडव्या रेघा, की वाचणाऱ्याने सबंध राशी समजावी. (टीकेचा विस्तार पासष्ट हजार आणि पण्णट्ठीही पासष्ट हजारांची, हा योगायोग टोडरमलाच्या ध्यानात आला असेल काय, असे मला उगीच वाटून जाते.) बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दुप्पट दुप्पट अशी जी कथा आपण मुलांना सांगतो, तिच्यातील एकूण दाणे एकट्ठीपेक्षा फक्त एकाने कमी भरतात.

आता माणसांची संख्या म्हणजे बादालाचा घन. किंवा असेही म्हणता येईल की बादाल आणि एकट्ठी यांचा गुणाकार. 'अनुयोगद्वार' या श्वेतांबर आगमात पाचव्या आणि सहाव्या वर्गाचा गुणाकार असेच सांगितले आहे. त्याच आगमात आणखी एक लक्षण दिले आहे, आणि गणिताच्या दृष्टीने सर्वांत मर्मग्राही तेच: ही राशी अशी की जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते. निम्मी करण्याच्या या संख्येस 'अर्धच्छेद' ही संज्ञा आहे. बादालाचे अर्धच्छेद बत्तीस, एकट्ठीचे चौसष्ट. गुणाकाराचे अर्धच्छेद काढावयाचे तर दोघांच्या अर्धच्छेदांची बेरीज करावयाची, म्हणून शहाण्णव. शाळेत लॉगॅरिथमचे कोष्टक वापरलेल्या कोणासही हा नियम ओळखू येईल. फरक इतकाच की येथे पाया दहा नसून दोन आहे. युरोपात नेपियरचा ग्रंथ १६१४ मध्ये निघाला. म्हणून आमच्याकडे सारे आधीच होते असा डांगोरा पिटण्याची मला हौस नाही. नेपियरने कोष्टके तयार करून खलाशी आणि ज्योतिषी यांचे कष्ट वाचविले. येथे कोष्टक झाले नाही. परंतु मूळ कल्पना स्वच्छ होती, तिचे नियम मांडलेले होते, आणि तीन व चार या पायांवरचे त्रिकच्छेद व चतुर्थच्छेदही 'धवले'त आहेत.

दोनाचा शहाण्णवावा घात ही संख्या स्वभावाने कशी आहे तेही थोडे पाहू. तिच्या अंकांची बेरीज १२७, म्हणजे नवाचा ताळा एक. बादालाच्या अंकांची बेरीज ५८, ताळा चार. चाराचा घन चौसष्ट, त्याचा ताळा पुन्हा एक. जमाखर्च तपासणाऱ्याचे समाधान व्हावे एवढे हे जुळते. तिला सत्त्याण्णव भाजक आहेत आणि एक सोडल्यास त्यांतील एकही विषम नाही. स्वतःखेरीज बाकीचे सारे भाजक मिळविले तर बेरीज संख्येपेक्षा बरोबर एकाने उणी येते. ग्रीकांनी ज्यांना पूर्ण संख्या म्हटले त्या सहा, अठ्ठावीस यांसारख्या संख्यांत ही बेरीज तंतोतंत जुळते. येथे एकासाठी हुकते.

पूर्ण संख्यांचे हे प्रकरण याच प्रदेशात, एका मराठी माणसाच्या हाताने संस्कृतात उतरले होते. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांनी नसिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडचे पंधरा अध्याय 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणले. तो ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. युक्लिडच्या नवव्या अध्यायात कृती अशी: एक, दोन, चार अशी दुपटीची मालिका मिळवीत जावे, बेरीज अविभाज्य आली की तिला शेवटच्या पदाने गुणावे, पूर्ण संख्या हाती येते. आमच्या संख्येपर्यंत मालिका मिळविली तर बेरीज अविभाज्य येत नाही, तिला ११,४४७ ने भाग जातो. तेव्हा या राशीच्या पोटी पूर्ण संख्या नाही. जगन्नाथपंडितांचे संस्कृत युक्लिड आणि जैनांच्या दोनाच्या वर्गमाला ही दोन्ही गणिते अर्ध्या शतकाच्या अंतराने एकाच प्रदेशात नांदली, आणि मला आढळले त्यावरून एकमेकांशी बोलली नाहीत.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ही संख्या खरी मानावयाची काय?

नेमिचंद्रांच्या सुमारे दीडशे वर्षे आधी हा प्रश्न एकाने विचारला होता. 'षट्खंडागम' या प्राचीन दिगंबर ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी 'धवला' ही टीका लिहिली. ती शके ७३८ मध्ये, इ. स. ८१६ साली, पुरी झाली असे मानतात. काळ राष्ट्रकूटांचा, स्थळ वाटग्राम. हे वाटग्राम नाशिक जिल्ह्यातील वणीच्या परिसरात असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे. काहींनी ते बडोद्याकडे नेले आहे. मी नाशिककर नसल्यामुळे या वादात माझा स्वार्थ नाही, तरी सह्याद्रीच्या त्या कुशीत बसून कोणी एक यती दोनाचे घात मोजीत होता ही कल्पना सुखद वाटते खरी.

मूळ सूत्रात माणसांची संख्या मर्यादांनी सांगितली आहे: कोटीच्या त्रिवार गुणाकारापेक्षा अधिक, चौवार गुणाकारापेक्षा कमी. कोटीचा चौथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. त्याचेही अंक एकोणतीसच. स्थाने मोजून समाधान मानणाऱ्यास आमची संख्या या मर्यादेशी जुळली असेच वाटेल. परंतु अंकांची स्थाने सारखी असली तरी ती राशी मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. वीरसेनांच्या दृष्टीतून हे निसटले नाही. ते एवढ्यावर थांबले नाहीत. माणसे ज्या क्षेत्रात राहतात त्याचे क्षेत्रफळ काढून त्यांनी दाखविले की एवढी माणसे तेथे मावणारच नाहीत.

हा हिशेब आपणही आपल्या पद्धतीने करून पाहू. जैन भूगोलाप्रमाणे माणसांची वस्ती अडीच द्वीपांत, पंचेचाळीस लक्ष योजने व्यासाच्या वर्तुळात. त्यांच्याच रीतीने परीघ १,४२,३०,२४९ योजने धरला तर क्षेत्रफळ सुमारे १६ लक्ष कोटी चौरस योजने होते. येथील योजन साधे चार कोसांचे नव्हे, मोठे, दोन हजार कोसांचे धरावे; म्हणजे संख्येवर अन्याय केला असे कोणी म्हणणार नाही. शिवाय त्या वर्तुळात दोन समुद्र आहेत. तेही कोरडे आहेत असे समजू. इतकी सवलत देऊनही भागाकार काय येतो? दर चौरस कोसास सुमारे १२४ कोटी माणसे. २०११ च्या जनगणनेत सबंध भारताची लोकसंख्या १२१ कोटी भरली. तो सारा भारत, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, सांगानेरच्या बाजारपेठेसकट एका चौरस कोसात उभा करावयाचा आणि वर तीन कोटी माणसांसाठी जागा शोधावयाची! खऱ्या जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली. ती बादालाच्या दुपटीलाही पोहोचलेली नाही. शहाण्णव अर्धच्छेदांपैकी आपण अद्याप तेहतीसही पुरे केलेले नाहीत.

या टीकेचे मोल कशात आहे? वीरसेन नास्तिक नव्हते, बाहेरचे तर नव्हतेच. द्वीप, समुद्र, योजने ही सारी परंपरेची मापे त्यांनी मान्य केली. त्याच मापांनी परंपरेतीलच दुसरे एक विधान मोजून ते टिकत नाही असे लिहून ठेवले. ज्या आकड्याला चांगला उगम आहे, सुंदर रूप आहे आणि वडिलांचा आधार आहे, तो आकडा नाकारणे सर्वांत कठीण. बादालाचा घन ही अशी देखणी राशी होती. मला वाटते तिचा देखणेपणाच तिच्या दीर्घायुष्याचे कारण झाला. शहाण्णव या आकड्याचे एक स्पष्टीकरण मला सुचते, ते ग्रंथांत कोठे नाही, म्हणून केवळ कल्पना म्हणून सांगतो. प्रत्येकाचे आईबाप दोन, आजे-आज्या चार, अशा शहाण्णव पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांची संख्या बरोबर हीच येते. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर ती चोवीसशे वर्षे होतात. अर्थात तेच पूर्वज पुन्हा पुन्हा मोजले जातात, नाहीतर पृथ्वीवर पाय ठेवण्यास जागा उरली नसती. वीरसेनांचा आक्षेप येथेही लागू पडतो.

मग नेमिचंद्रांनी, ज्यांचा ग्रंथ धवलेच्या सिद्धांतावरच उभा आहे, ती संख्या पुन्हा का दिली? त्यांनी जुने मत प्रमाण मानले एवढेच दिसते. गोम्मटसार सुटसुटीत असल्यामुळे सर्वत्र पसरला, पाठ झाला. धवला मात्र दक्षिणेत मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर राहिली. यात्रेकरूंना तिचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. टोडरमल आणि त्याच्या जयपुरी मित्रांना ती तेथे आहे हे ठाऊक होते. तिची प्रत मिळविण्याचे त्यांनी प्रयत्नही केले. ते फळाला आले नाहीत. अशा रीतीने ज्या माणसाला या संख्येचा प्रत्येक अर्धच्छेद समजत होता, ज्याच्या मंडळात प्रश्न विचारणे हेच व्रत होते, त्याच्या हाती संख्या आली आणि तिच्यावरचा आक्षेप आला नाही. टोडरमलाने ती प्रामाणिकपणे, एकही अंक न चुकविता, समजावून दिली. धवला त्याच्या हाती पडती तर त्याने काय लिहिले असते, हा विचार ती पोथी समोर असताना मनातून जात नाही.

पुढील कथा आपल्या मुलखाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांनी मूडबिद्रीच्या ताडपत्रांची नक्कल व्हावी म्हणून खटपट केली, वर्गणी जमविली. १८९६ च्या सुमारास काम सुरू झाले आणि ते पुरे होण्यास जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. नकलेवरून आणखी नकला होत त्या उत्तरेत पोहोचल्या, आपल्या वऱ्हाडातील कारंज्यासही आल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापक असलेले हिरालाल जैन यांनी संपादनाचे काम अंगावर घेतले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य त्यांना होते. १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड निघाला. माणसांच्या संख्येचा विचार असलेला तिसरा खंड १९४१ मध्ये आला, आणि १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर निबंध लिहून अर्धच्छेदांचे आणि या एकोणतीस अंकी राशीचे महत्त्व जगापुढे मांडले. पुढे या ग्रंथाचे पुनर्मुद्रण सोलापूरहून झाले. म्हणजे वाटग्राम खरोखरच नाशिककडे असेल तर वीरसेनांचा आक्षेप अकराशेहून अधिक वर्षांनी, कानडी मुलखाचा फेरा करून, महाराष्ट्रातच परत आला म्हणावयाचा.

सोलापूरचे ते खंड आता जयपुरातही मिळतात. मी तिसरा खंड आणला तेव्हा जवळ सांगानेरी कागदाची एक वही होती. तिच्या एका पानावर बादालाचा घन स्वतः करून पाहिला. चार वेळा हातचा चुकला, पाचव्यांदा नवाचा ताळा जुळला. समोरच्या पानावर चौरस कोसांचा वर दिलेला भागाकार आहे.